डॉक्टरताई, रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला होतंय काय?

या महिन्याच्या पत्रांमध्ये एक वाक्य इतक्या जणींनी आणि जणांनी लिहिलंय की तिथूनच सुरुवात करते. 'डॉक्टर म्हणाले काही नाही, टेन्शन घेऊ नका.' आता टेन्शन काय कोणी पिशवी घेऊन बाजारातून आणायला जातं का, घेऊ नका म्हटलं की घेतलं नाही! मी स्वतः दवाखान्यात बसते त्यामुळे मला माहितीये की बाहेर तीस पेशंट बसलेले असले की हे वाक्य तोंडातून पटकन निघतं, पण ऐकणारा माणूस ते घेऊन घरी जातो आणि रात्री पुन्हा धडधड सुरू झाली की त्याला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. पत्रं लांब होती, थोडी कापली आहेत, नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. वय ४४, डोंबिवलीला राहते, ऑफिस फोर्टला. पहाटे साडेचारला उठते, पाणी, डबे, मग लोकल. संध्याकाळी गाडीतच भाजी निवडून घेते म्हणजे घरी गेल्या गेल्या फोडणीला टाकता येते. गेले काही महिने रात्री तीनच्या सुमाराला दचकून जाग येते, छातीत धडधड, घामाने गाऊन ओला, नंतर झोप येत नाही. दिवसभर मुलांवर खेकसत असते. ईसीजी काढला, नॉर्मल आला. मैत्रीण म्हणते स्वतःसाठी वेळ काढ, आमच्या सोसायटीत सकाळी पाचला योगा क्लास आहे. लावू का?

उत्तर : नको लावूस. योगा वाईट म्हणून नाही, तर तू आत्ताच साडेचारला उठतेयस, पाचचा क्लास लावलास की साडेतीनला उठावं लागेल आणि मग ती तीनची जाग हाच तुझा अलार्म होईल. स्वतःची काळजी घ्या असं सांगणारे सगळे लोक दिवसात अजून एक काम घालायला सांगतात, वॉक घाला, क्लास घाला, डायरी घाला, आणि ते जमलं नाही की त्याचं पण वाईट वाटून घ्यायचं. माझं म्हणणं उलटं आहे, आधी काहीतरी काढ, मग काय घालायचं ते बघू.

पण त्याच्या आधी तपासण्या, कारण ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सगळं झालं असं नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईडची टीएसएच, शुगर, बी१२ आणि बीपी एवढं करून घे. आपल्याकडच्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं इतकं कॉमन आहे की धडधड म्हटल्यावर मी आधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघते. आणि दुसरं म्हणजे तुझं वय. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, आणि त्याच्या आधीची काही वर्षं हार्मोन्सची वरखाली सुरू असते, त्यात रात्री घाम, मध्येच जाग, धडधड, चिडचिड हे सगळं बसतं. पाळीच्या तारखा पुढेमागे व्हायला लागल्यात का ते तू लिहिलं नाहीस. होत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि हे सगळं असंच्या असं सांग, 'या वयात होतंच' एवढं ऐकून परत येऊ नकोस, त्याच्यावर उपचार आहेत.

एक गोष्ट मात्र कधीच टेन्शनच्या खात्यात टाकायची नाही. छातीत दाब, डाव्या हातात, पाठीत किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ, असं अचानक झालं तर सरळ १०८ ला फोन. बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत जोरात दुखेलच असं नाही, नुसती मळमळ आणि पाठदुखी पण असू शकते, आणि आपण ॲसिडिटी म्हणून जिरं-ओवा चावत बसतो.

आता काढायचं काय. मी असते तर आधी ती गाडीतली भाजी काढली असती. हसू नकोस. अख्ख्या दिवसात ती एकच अशी वेळ आहे की तू बसलेली आहेस (जागा मिळाली तर, मला माहितीये) आणि तुला कोणी हाक मारू शकत नाही, आणि तिथे पण तू मांडीवर पेपर पसरून गवार निवडतेस. स्टेशनबाहेर निवडलेली, चिरलेली भाजी घेऊन बसलेल्या मावश्या असतातच, दोन पैसे जास्त जातात पण आठवड्यातून तीन दिवस तरी ती घे. त्या वेळात काहीही करू नकोस. फारच हात शिवशिवले तर ठाणं सुटलं की पाच मिनिटं श्वास मोज, नाकाने आत घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा. असं केलं की मिनिटाला साधारण सहा श्वास होतात, आणि लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खाली येते, त्यात चमत्कार काही नाही, शरीराची रचनाच तशी आहे. रात्री तीनला जाग आली की हेच करायचं, पण दिवसा सराव केलेला असेल तरच रात्री जमतं. आणि घड्याळ बघायचं नाही, मोबाईल तर अजिबातच नाही.

दुसरं काढायचं ते घरातलं. नवऱ्याचं 'मला सांग ना, मी करतो' हे मी गृहीत धरते, बहुतेक घरात असतं ते. पण सांगायचं, आठवण करायची, झालं का विचारायचं हे तुझ्याकडेच राहिलं तर डोक्यावरचं ओझं काय कमी झालं? म्हणून अख्खं काम द्यायचं, आठवण ठेवण्यासकट. गॅसचा नंबर लावणं, मुलांची फी, दूधवाल्याचा हिशोब, यातली दोन खाती त्याच्या नावावर आणि मग तू त्यात डोकावायचं नाही. एकदा गॅस संपेल, एक दिवस बाहेरून जेवण येईल, चालतंय.

आणि उपास करत असशील तर त्या दिवशी नुसत्या चहावर दुपारपर्यंत राहू नकोस. रिकाम्या पोटी दोन-तीन कप चहा झाला तर धडधड होणारच, त्याला संकष्टी जबाबदार नाही.

प्रश्न : डॉक्टर, आम्ही कराडजवळ राहतो. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलता येत नाही. सगळं अंथरुणात. मी एकटीच करते, मिस्टरांची नोकरी फिरतीची. मुंबईच्या नणंदबाई दर दोन महिन्यांनी येतात आणि 'आईला नाचणीचं सत्त्व का देत नाहीस, आई वाळली' असं म्हणून जातात. माझी कंबर गेलीये. परवा रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मी त्यांचा हात जोरात ओढला, त्या रडल्या. तेव्हापासून मला स्वतःची किळस वाटते. मी वाईट बाई आहे का?

उत्तर : वहिनी, वाईट बाईने हे पत्र लिहिलं नसतं. पण म्हणून 'होतं असं कधीकधी' म्हणून सोडून पण देणार नाही, कारण हात ओढला गेला याचा अर्थ तुमच्या शरीराने सांगितलंय की आता संपलं. पुन्हा तसा राग वर आला तर पेशंटला कुशीवर सुरक्षित ठेवायचं, कठडा वर करायचा किंवा लोड लावायचा, आणि खोलीच्या बाहेर जायचं. दहा मिनिटं ओल्या चादरीवर राहिल्याने त्यांना काही होत नाही. मागच्या दारी उभ्या राहा, तोंडावर पाणी मारा, मग आत जा. आणि सासूबाईंना बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नसतं, पॅरालिसिसमध्ये पुष्कळदा बोलणं जातं पण समज बरीच शाबूत असते. 'त्या दिवशी मी दमले होते, चुकलं माझं' एवढं त्यांच्या जवळ बसून म्हणा, तुम्हालाच हलकं वाटेल.

आता कंबर. तुम्ही त्यांना काखेत हात घालून वर ओढताय ना? मला खात्री आहे तसंच करताय, सगळेच करतात. एक जाड चादर घडी करून त्यांच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली कायमची घालून ठेवायची, आणि माणूस ओढायच्या ऐवजी ती चादर ओढून सरकवायचं, जमेल तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी. पलंग खाली असेल तर चार पायांखाली लाकडी ठोकळे घालून उंच करा, तुमच्या कमरेइतका, फक्त ठोकळे हलत नाहीत ना ते बघा. फिजिओथेरपिस्टना एकदाच घरी बोलावून कूस बदलणं, बसवणं, उचलणं तुमच्याकडून करून घ्या, एका व्हिजिटचे पैसे जातील पण कंबर वाचेल. बेडसोर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे खरं, पण ते एकटीने दिवसरात्र करणं कोणालाच शक्य नाही. हवेची गादी मिळते, बऱ्याच ठिकाणी भाड्याने पण मिळते. गादीने कूस बदलणं बंद होत नाही, पण रात्रीच्या दोन वेळांमधलं अंतर थोडं वाढवता येईल का हे डॉक्टरांना त्यांची त्वचा दाखवून विचारता येतं. आणि रात्री डायपर लावा. डायपर लावला म्हणजे सेवेत कमी पडलं असं आपल्याकडे अजून समजतात, ते डोक्यातून काढा, तुमची तीन तासांची सलग झोप त्यांच्याही फायद्याची आहे.

नणंदबाईंबद्दल मला जरा बोलायचंच आहे. लांब राहणाऱ्या मुलीला पण अपराधी वाटत असतं आणि ते सत्त्वाच्या रूपाने बाहेर पडतं, त्यामुळे भांडण करू नका, हिशोब करा. मिस्टरांनी बोलायचं, तुम्ही नाही, कारण आई त्यांची आहे. दोन पर्याय द्यायचे: महिन्यातले ठरावीक दिवस येऊन राहायचं, किंवा रात्रपाळीच्या मावशींच्या पगारातला वाटा उचलायचा. 'जमेल तसं बघू' हे उत्तर चालणार नाही, तारीख किंवा रक्कम, दोन्हीपैकी एक. आणि पहिल्यांदा त्या राहायला येतील तेव्हा तुम्ही घरात थांबून सगळं दाखवत बसू नका, एका कागदावर वेळा लिहा, पलंगाशेजारी चिकटवा आणि माहेरी जा. परत आल्यावर सत्त्वाचा विषय निघाला तर मला कळवा.

तुमचं स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलंत? सासूबाईंचं मोजायला जे कोणी येतात त्यांच्याकडून त्याच वेळी तुमचं पण मोजून घ्या. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत रडू येणं, कशातच मन न लागणं, भूक-झोप जाणं असं चाललं असेल तर हे नुसतं दमणं नाही, डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे फार खर्च येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी बीड जिल्ह्यातला, वय २७, पुण्यात राज्यसेवेची तयारी करतोय. प्रिलिम दोनदा निघाली, पण मेन्समध्ये अडकलो. आता पॅटर्न पण बदलला. अभ्यासिकेत रात्री ११ पर्यंत असतो, रूमवर आलो की झोप येत नाही, तीन-तीन वाजेपर्यंत रील्स बघतो. दिवसात सात-आठ चहा होतात. वाचलेलं लक्षात राहत नाही. घरचे शेतातून पैसे पाठवतात, फोन आला की उचलायची हिंमत होत नाही. कधीकधी वाटतं आपण नसतो तर त्यांचा खर्च तरी वाचला असता.

उत्तर : मित्रा, शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण ते तू असंच जाता जाता लिहिलंयस आणि मला ते तसं वाटत नाही. असा विचार मनात येतो तेव्हा तो एकट्याने रूममध्ये धरून बसायचा नाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची सेवा, २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. आज करून बघ, फार वाईट वाटेल तेव्हा करू म्हणून ठेवू नकोस. आणि मरून जावं, काही करून घ्यावं असं डोक्यात यायला लागलं, कसं करायचं वगैरे विचार आले, तर त्या क्षणी रूममेटला उठव, एकटा राहू नकोस आणि सरळ हॉस्पिटल गाठ. तुझ्या घरच्यांचा खर्च वाचण्याचा हिशोब तू त्यांना विचारून बघ, ते काय म्हणतील ते तुला पण माहितीये.

आता चहा. सात-आठ कप म्हणजे कॅफिन बऱ्यापैकी पोटात जातंय, आणि चहा प्यायल्यानंतर पाच-सहा तासांनी सुद्धा त्यातलं साधारण निम्मं कॅफिन अंगात असतं. म्हणजे अभ्यासिकेतून निघताना टपरीवर मारलेला रात्री अकराचा कटिंग पहाटे तीनला पण कामावर असतो. एकदम बंद केलास तर डोकं दुखेल, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी कर आणि दुपारी तीननंतर शून्य. टपरीवर जायचं बंद करू नकोस, मित्रांशी चार शब्द तिथेच होतात, हातात लिंबू सरबत धर.

झोपेचं असं आहे की झोपायची वेळ आपल्या हातात नसते पण उठायची असते. कितीही उशिरा झोप लागली तरी उठायचं एकाच वेळी, समज साडेसहा, रविवारी पण. पहिला आठवडा भिकार जाईल. अंथरुणात वीसेक मिनिटं नुसतं तळमळणं झालं तर उठून खुर्चीत बस, काहीतरी कंटाळवाणं वाच (चालू घडामोडी नकोत, त्यात परत टेन्शन), आणि डोळे मिटायला लागले की मग आडवा हो. मोबाईल चार्जिंगला रूमच्या दुसऱ्या टोकाला. वाचलेलं लक्षात राहत नाही त्यात तुझ्या डोक्याचा दोष कमी आणि झोपेचा जास्त, कारण दिवसा वाचलेलं पक्कं बसायचं काम बरंचसं झोपेतच होतं. रात्रीचे तीन तास तू रील्सला देतोयस आणि सकाळचे तीन तास त्या जागरणाला, मग अभ्यास होणार कधी?

आणि प्लॅन बी बद्दल. सदाशिव पेठेत हा शब्द काढला की लोक म्हणतात याचा कॉन्फिडन्स गेला. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये मला उलटं दिसतं, ज्यांनी कागदावर लिहून ठेवलंय की अमुक अटेम्प्टनंतर अमुक करीन, ती मुलं शांतपणे पेपर देतात. मेन्स २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यासाठी लिहायचा सराव लागणार, त्याला किती वेळ द्यायचा, कुठे थांबायचं आणि त्यानंतर काय, हे ठरव आणि घरी फोन करून सांग. वडिलांना निकालापेक्षा मुलाचा आवाज ऐकायचा असतो बहुतेक वेळा.

प्रश्न : स्ट्रेससाठी अश्वगंधा घेऊ का? इन्स्टावर सगळे घेतायत. थायरॉईडची गोळी चालू आहे.

उत्तर : थायरॉईडची गोळी चालू असताना मनाने घेऊ नका. अश्वगंधाने थायरॉईड हार्मोन वाढू शकतं, मग गोळीचा डोस बिघडतो आणि परत धडधड. क्वचित लिव्हरला त्रास झाल्याच्या पण नोंदी आहेत, गरोदरपणात तर नकोच. आयुर्वेदिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही हे मला पटत नाही, जे औषध काम करतं ते अंगावर पण येऊ शकतं. घ्यायचंच असेल तर वैद्यांकडे जाऊन, थायरॉईडचा रिपोर्ट दाखवून घ्या.

प्रश्न : मेडिटेशनचं ॲप लावलं की मला जास्तच घाबरल्यासारखं होतं. डोळे मिटले की नको ते विचार. माझ्यात काही प्रॉब्लेम आहे का?

उत्तर : नाही गं. काही जणांना डोळे मिटून आत बघितलं की अस्वस्थता वाढते, हे माहिती असलेलं आहे, फक्त ॲपवाले सांगत नाहीत. डोळे उघडे ठेव, हाताला काम दे. कुंड्यांना पाणी घालणं, रांगोळी, शेंगा सोलणं, चालणं, काही पण. ॲप डिलीट कर, वर्षाचे पैसे भरले असले तरी कर. आधी काही मोठा धक्का बसला असेल, आणि तेच तेच डोळ्यांसमोर येत असेल, तर मात्र समुपदेशकाकडे जा.

प्रश्न : वय ५२, बँकेत आहे, नागपूर. मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशनची गोळी आणि झोपेसाठी एक छोटी गोळी दिली. दहा दिवस घेतली, मोठ्या गोळीने काही फरक नाही, उलट मळमळ. छोटीने छान झोप लागते. बायको म्हणते या गोळ्यांची सवय लागते, बंद करा. म्हणून मोठी बंद केली, छोटी चालू ठेवली. बरोबर ना?

उत्तर : साहेब, नेमकं उलटं केलंत. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे पण जातात, आणि सुरुवातीची मळमळ बहुतेकांची आठ-पंधरा दिवसांत जाते, जेवणानंतर घेतली तर कमी होते. म्हणजे त्रासाचे दिवस तुम्ही काढलेत आणि फायद्याचे दिवस यायच्या आधी सोडलंत. या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी तलफ येत नाही, फक्त काही महिने घेतल्यावर एकदम सोडायच्या नसतात, हळूहळू कमी करतात. बरं वाटायला लागल्यावर पण साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायला सांगतात, नाहीतर आजार उलटतो.

सवय लागण्याची भीती आहे ती त्या छोट्या गोळीची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीतली असेल तर ती थोड्या दिवसांसाठीच असते, पुढे तेवढ्याने झोप येईनाशी होते आणि डोस वाढत जातो. ती घेऊन दारू घेऊ नका, संध्याकाळची 'एखादी' पण नाही. पण आता माझं वाचून ती पण एकदम बंद करू नका, ते डॉक्टरांनी सांगायचं.

वहिनींना पुढच्या वेळी बरोबर न्या, त्यांच्या शंका त्यांनीच विचारलेल्या बऱ्या. या उपचारांचे पैसे पॉलिसीतून मिळतात का हे पण पत्राच्या तळाशी विचारलंयत म्हणून सांगते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, पण नुसत्या ओपीडीच्या फीचे पैसे बऱ्याच पॉलिसींमध्ये मिळत नाहीत, तुमच्या कागदांत ओपीडीचं कलम आहे का बघा. डॉक्टरांना उद्याच फोन करा, मोठी गोळी कुठल्या दिवशी बंद केली ती तारीख सांगा, आणि जाताना दोन्ही पाकिटं बरोबर घ्या, 'ती पांढरी गोल' एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.